आठशेला दीडशेचे किती?

आमच्या समाजात गॅरेज नसलेली गल्ली एकवेळ सापडेल. पण ज्या घराण्यातलं कुणीच कधी गॅरेजात बसलेलं नाही, असं घराणं सापडणं कठीण. कुणाचे मामू पंक्चर काढतात, कुणाचे खालू डेंटिंग-पेंटिंग करतात, कुणाचा चुलतभाऊ शारजात गिअरबॉक्स उघडून बसलेला असतो. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला, तेव्हा मी कॉलेजात होते. मुसलमान नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात जास्त आहेत, मोटारदुरुस्तीसारख्या धंद्यात त्यांचं प्रमाण मोठं आहे, असं त्यात नोंदवलं होतं. मी वर्तमानपत्रातून ते अब्बांना वाचून दाखवलं. अब्बा हात पुसत म्हणाले, "इसके लिये दिल्लीसे कायकू कमिटी? मेरे दुकानमें आके बैठना था."

अब्बांचं दुकान म्हणजे घराच्या पुढच्या अंगणात पत्र्याची शेड. जालन्याच्या जुन्या भागात त्यांना 'कारबेटरवाले चाचा' म्हणून ओळखतात. शाळा चौथीत सुटली, पण कार्बोरेटर असा लावत की गिऱ्हाईक लांबून यायचं. फियाट, ॲम्बेसेडर, जीप आणि नंतर मारुती. इंजिन चालू करून ते डोळे मिटून उभे राहत, स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करत, आणि एका क्षणी म्हणत, "बस्. अब साँस बराबर लेरा."

ही कला अब्बांच्या डोळ्यांदेखत निकामी होत गेली. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली तेव्हा तिला कार्बोरेटर होता. २००० च्या सुमारास नव्या मोटारींमधून तो गेला आणि त्याच्या जागी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आले. मोटारसायकलींवर तो आणखी वीस वर्षं तगला. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींवरूनही कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. आता गाडी बिघडली की आधी स्कॅनर लावतात. स्कॅनर इंग्रजीत बोलतो. अब्बांचा त्याच्यावर राग नाही. ते एवढंच म्हणतात, "उसकू कान नहीं है."

या शेडमध्ये एक मुलगा काम करतो. त्याचं नाव इथं लिहीत नाही. दुकानात सगळे त्याला छोटू म्हणतात, आणि उंचीनं तो अब्बांपेक्षा वीतभर जास्त आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते; तो माझाच विद्यार्थी. दहावीत बाकीच्या विषयांत कसाबसा निघाला, गणितात दोनदा राहिला. वडील नाहीत, आई शिलाई करते. ती एकदा दारात उभी राहून म्हणाली, "आपा, दुकानमें तो सब बोलते इसका हाथ सोने का है. फिर स्कूल में क्या हो जाता इसकू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे आयटीआय करायचं तर बहुतेक चांगल्या ट्रेडना दहावी पास लागते. जुलैची पुरवणी परीक्षा दीड महिन्यावर होती आणि पोरगा गणिताच्या पुस्तकाकडे बघायला तयार नव्हता.

तेव्हाच ते इंजिन आलं.

जालन्यात भंगाराला मान आहे. इथल्या सळया बनवणाऱ्या कारखान्यांच्या भट्ट्या भंगारावर चालतात. मारुतीच्या एका जुन्या व्हॅनचा सांगाडा तिकडे निघाला होता. अब्बांनी त्यातलं इंजिन वजनाच्या भावात काढून घेतलं. मारुती ८०० चं आणि त्या व्हॅनचं इंजिन एकच : तीन सिलिंडर, ७९६ सीसी. खालचं सगळं ठीक होतं, पण कार्बोरेटर मेला होता. त्यातला दांडा झिजून सैल झाला होता आणि त्या फटीतून नको तिथून हवा शिरायची. बाजारात त्याच्या नावानं जे नवे मिळतात, त्यांच्यावर अब्बांचा विश्वास नाही. त्यांना इंजिन लोखंडी स्टँडवर बसवून चालतं करायचं होतं. "नये बच्चों कू दिखाने के वास्ते," ते म्हणाले. "अंदर क्या होता मालूम होना ना."

छोटूनं सुचवलं, मोटारसायकलचा कार्बोरेटर लावू. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, त्यामुळे आमच्या भागात त्या गाड्या घरोघर. भंगारात दीडशे सीसीच्या गाडीचे कार्बोरेटर पाहिजे तितके. त्यानं मला विचारलं, "आपा, आठसौ कू डेढसौ के कित्ते होना?"

मी उलट त्यालाच विचारलं. त्यानं बोटांवर हिशेब केला. पाच दीडशे साडेसातशे. पन्नास उरले. "पाँच और एक का तिसरा हिस्सा," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. तिसरा हिस्सा कार्बोरेटर कुठून कापून आणणार?

बी.एड.ला आम्हाला एक सूत्र पाठ करायला लावलं होतं : ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. पाठ-टाचणाच्या वहीत ते मी शंभरदा लिहिलं असेल. या मुलाला गणित अज्ञात आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण इंजिन कमी चुकीनं चालावं म्हणून जो भागाकार करतो, त्याला गणित अज्ञात कसं? मी म्हणाले, "हिशेब बरोबर आहे, पण प्रश्न बरोबर मांडलाय का ते बघू. रविवारी जुहरनंतर बसू. वही आण."

पहिल्या रविवारी तीन सूचना पुढे आल्या.

पहिली छोटूच्या मोबाइलमधून. इंग्लंडात हौशी लोक घरच्या शेडमध्ये फोर्डच्या जुन्या इंजिनांवर मोटारसायकलचे चार-चार कार्बोरेटर ओळीनं लावतात. मोटारींच्या शर्यतीसाठी बनलेले वेबर कार्बोरेटर महाग, आणि अपघातात गेलेल्या मोटारसायकलींचा संच त्या मानानं स्वस्त. यामाहाची आर-वन ही हजार सीसीची गाडी १९९८ मध्ये आली. तिचे चाळीस मिलिमीटरचे चार मिकुनी त्यांच्या आवडीचे. छोटूला ते चकचकीत चार गळे इतके आवडले होते की तो ते पुन्हा पुन्हा दाखवत होता. पण चार सिलिंडरांचा संच तीन सिलिंडरांवर बसवायचा, तर एक तोडून बाजूला करायचा आणि उरलेल्यांमधलं अंतर इंजिनाच्या तोंडांशी जुळवायचं. शिवाय तो संच जालन्यात आणणार कोण?

दुसरी सूचना : दीडशे सीसीचे तीन, एका सिलिंडरला एक. तिसरी अब्बांची. त्यांच्याकडे साडेतीनशे सीसीच्या बुलेटच्या घराण्यातला एक कार्बोरेटर पडून होता, एकोणतीस मिलिमीटरचा. "ये एकच लगा," ते म्हणाले. छोटूचं तोंड उतरलं. आठशेच्या इंजिनाला साडेतीनशेचा एकच? त्याच्या हिशेबात ते अर्ध्याहून कमी होतं.

"अब्बा, क्यूँ?" मी विचारलं.

"बस् होता."

"पण का?"

अब्बांनी इंजिनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बारी बारी से पीते ना तिनों."

सगळं उत्तर या एका वाक्यात होतं. पण ते वाक्य परीक्षेच्या पेपरात लिहिता येत नाही, आणि छोटूलाही ते उमगलं नव्हतं. म्हणून वही उघडली.

चार स्ट्रोकच्या इंजिनात एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतो. दोन फेऱ्या म्हणजे ७२० अंश. ओढण्याचं काम त्यातले साधारण १८० अंश. तीन सिलिंडरांच्या पाळ्या २४० अंशांच्या अंतरानं येतात : आधी पहिला, मग तिसरा, मग दुसरा. म्हणजे एकाचं ओढून झालं की ६० अंशांची फट, आणि मग पुढचा. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह थोडा आधी उघडतो आणि थोडा उशिरा मिटतो, त्यामुळे ती फट जवळजवळ बुजते. पण दोन सिलिंडर एकाच वेळी पूर्ण जोरात ओढत आहेत, असं होत नाही. मी वर्तुळ काढून त्यात तीन तुकडे रंगवले. छोटू बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मतलब वुजू का नल."

"म्हणजे?"

"एक नल पे तीन आदमी बारी बारी से वुजू करे तो तीन नल नहीं होना. धार उत्तीच. खाली नल कू आराम नहीं."

मी बारा वर्षं शिकवते आहे. यापेक्षा नेमकी उपमा मला सुचली नसती.

मग खरा प्रश्न मांडला. एका वेळी किती हवा जाते? सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर. वृत्तचितीचं घनफळ. हा प्रश्न त्यानं पेपरात दोनदा सोडून दिला होता. इथे त्यानं तो केला, कारण ती वृत्तचिती त्याच्या समोर तेल लावून उभी होती. उत्तर आलं २६५ सीसी. तिनानं गुणलं तर ७९५ आणि थोडं वर. "आपा, कंपनीवालोंने बराबर लिखा!" तो ओरडला. कंपनीनं लिहिलेला आकडा आपल्या पेन्सिलीतूनही निघतो, याचा त्याला केवढा आनंद झाला!

आता अब्बांचा कार्बोरेटर. तो ज्या गाडीचा, तिचा एकच सिलिंडर ३४६ सीसीचा. ३४६ सीसीच्या घोटाला जो गळा पुरतो, त्याला २६५ चा घोट जड जाणार नाही. आणि दीडशेचे तीन? दीडशेच्या घोटासाठी घडवलेला गळा २६५ ला अरुंद. हळू चालेल तोवर गोड चालेल. वेग वाढला की दम लागेल. शिवाय तिघंही वेगवेगळ्या गाड्यांतून आलेले, वेगवेगळे झिजलेले. त्यांची उघडझाप एकसारखी ठेवायची म्हणजे रोजचं भांडण. अब्बा म्हणाले, "एक दुकान में तीन उस्ताद नक्को."

आणि ते चाळीस मिलिमीटरचे? छोटूचा जीव अजून तिथेच होता. म्हणून वेग काढला. मिनिटाला ५५०० फेरे धरले तर अर्धी फेरी साडेपाच हजारांश सेकंदांत होते. तेवढ्या वेळात २६५ सीसी हवा गळ्यातून जायची. एकोणतीस मिलिमीटरच्या गळ्याचं क्षेत्रफळ ६६० चौरस मिलिमीटर. भागाकार केला : सेकंदाला सुमारे ७४ मीटर, म्हणजे ताशी २६५ किलोमीटर. चाळीसच्या गळ्यात तीच हवा सेकंदाला ३९ मीटरनं जाते. व्यास एकोणतीसचा चाळीस झाला, आणि वेग जवळपास निम्म्यावर आला! कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वर खेचलं जातं ते हवेच्या वेगामुळे. अरुंद जागी हवा जोरात धावते, तिथला दाब कमी होतो आणि खालच्या भांड्यातलं पेट्रोल नळीतून वर येतं. डॅनियल बर्नुलीनं १७३८ मध्ये छापलेल्या ग्रंथातला हा विचार. इंग्लंडातले ते लोक वेडे नाहीत. त्यांची इंजिनं मोठी, फेरे जास्त, आणि त्यांना शर्यत लावायची असते. आमच्या स्टँडवरच्या इंजिनाला तो गळा म्हणजे लहान पोराला थोरल्या भावाचा बूट.

निवड झाली. अब्बांनी एका वाक्यात जे सांगितलं होतं, तिथे पोचायला आम्हाला दोन रविवार आणि वहीची अकरा पानं लागली. पण ही अकरा पानं वाया गेली असं मला वाटत नाही. अब्बांचं वाक्य अब्बांबरोबर जाणारं आहे. वही मागे राहते.

त्या वहीत आणखी एक गोष्ट घडत होती. आमच्या शाळेत बालभारतीची उर्दू पुस्तकं. त्यांत दाबाला 'दबाव', क्षेत्रफळाला 'रकबा', घनफळाला 'हजम', घनतेला 'कसाफत' म्हणतात. आयटीआयची पुस्तकं मराठी नाहीतर इंग्रजी. आणि गॅरेजात यांतलं काहीच नसतं. तिथे मिश्रण 'पतला' असतं नाहीतर 'गाढा', हवा 'चोर' असते, इंजिन 'भूका' राहतं. छोटूकडे तिसरी भाषा होती, पण ती कुठल्याच पेपरात चालत नव्हती. त्याला ज्ञान नव्हतं असं नाही. त्याच्या ज्ञानाला शाळेनं ओळखीचं नाव दिलं नव्हतं. आम्ही पानाला तीन रकाने केले. पहिल्यात गॅरेजचा शब्द, दुसऱ्यात उर्दू, तिसऱ्यात मराठी. पहिला रकाना तो भरायचा, आणि तोच सगळ्यांत लवकर भरायचा.

'पतला-गाढा'ची पाळी आली तेव्हा गुणोत्तर आलं. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. वजनातलं हे प्रमाण आकारमानात केलं तर एक लीटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लीटर हवा. छोटूनं शेडच्या छताकडे पाहिलं. "आपा, इत्ती हवा इस शेड में बी नहीं समाती क्या?" शेड मोजली : दहा फूट बाय बारा, उंची नऊ. तीस हजार लीटर भरली. म्हणजे तीन-सव्वातीन लीटर पेट्रोलमध्ये इंजिन आमची अख्खी शेड पिऊन टाकणार.

जेटचं तर बीजगणितच झालं. जेट म्हणजे पितळेची बारीक चकती, तिच्या भोकातून पेट्रोल जातं. काही कंपन्यांच्या जेटवरचा आकडा हा भोकाचा व्यास असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १०० चा काढून ११० चा घातला तर पेट्रोल किती वाढेल? छोटू म्हणाला, दहा टक्के. मी म्हणाले, क्षेत्रफळ वर्गानं वाढतं. १.१ गुणिले १.१. त्यानं केलं : १.२१. एकवीस टक्के! मग मी पुस्तकातलं विस्तारसूत्र काढलं, a अधिक b चा वर्ग, आणि तो दोन a b कुठून येतो ते जेटवर दाखवलं. अब्बा ऐकत होते. ते जेटमध्ये तांब्याची बारीक तार घालून भोक लहान करतात, किंवा भरून पुन्हा पाडतात, आणि नेहमी अगदी थोडं-थोडं. त्यांनी विचारलं, "इसीलिये मैं बाल बराबर करतूँ तो बी इत्ता फरक पडता क्या?" साठ वर्षांच्या सवयीमागचं कारण त्या दिवशी कागदावर आलं. ते काही बोलले नाहीत, पण चहा त्यांनी स्वतः आणला.

कार्बोरेटरमधला तरंगणारा गोळा आणि त्याची सुई मी वर्गातही दाखवते. भांड्यात पेट्रोल भरलं की गोळा वर येतो, सुई तोंड बंद करते; पेट्रोल खाली गेलं की तोंड उघडतं. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी 'किताबुल हियल' लिहिली. तिच्यातल्या यंत्रांत तरंगत्या गोळ्यावर चालणाऱ्या झडपा आहेत. त्यांच्याही आधी अलेक्झांड्रियाच्या ग्रीकांना ही युक्ती माहीत होती. कार्बोरेटर आमच्या पूर्वजांनी शोधला असं मी मुलांना सांगत नाही. तसं सांगणं मला आवडत नाही. मी सांगते की चांगली युक्ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि कुणीतरी ती लिहून ठेवली म्हणून जाते. अब्बांच्या कार्बोरेटरमधला पडदा आणि आपोआप वर-खाली होणारा पिस्टन यांचंही तसंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात स्किनर बंधूंनी मोटारीसाठी याच तत्त्वाचा कार्बोरेटर केला. त्यांचं घराणं जोड्यांच्या धंद्यातलं. पहिल्या नमुन्यात त्यांनी चामड्याचा भाता बसवला होता. मोटारीतली युक्ती मोटारसायकलवर गेली, आणि आमच्या शेडमध्ये ती पुन्हा मोटारीच्या इंजिनावर आली. हे ऐकल्यावर छोटूची उरलीसुरली नाराजी गेली. "मतलब अपना घरकाच है," तो म्हणाला.

त्याला एक स्वप्न मात्र सोडावं लागलं. हे इंजिन जुन्या मारुतीत घालून ईदच्या दिवशी रस्त्यावर काढायचं होतं. मी त्याला मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं बावन्नावं कलम समजावून सांगितलं. कंपनीनं नोंदवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. शिवाय धुराचा प्रश्न आहेच. जे रस्त्यावर काढता येत नाही, ते स्टँडवर शिकता येतं.

बसवण्याचं काम अब्बांचं. मारुतीचा मूळ कार्बोरेटर वरून खाली श्वास घेतो, मोटारसायकलचा आडवा. म्हणून पाइपचा कोपर करून जोडावा लागला, आणि पेट्रोलचं भांडं सपाट राहील याची काळजी घ्यावी लागली. मारुतीचा पंप पेट्रोल जोरानं ढकलतो. मोटारसायकलच्या कार्बोरेटरला टाकीतून आपसूक उतरणाऱ्या पेट्रोलची सवय. पंप जोडला असता तर सुई दाबाला टिकली नसती आणि पेट्रोल उतू गेलं असतं. अब्बांनी पंपाची जागा पट्टी लावून बंद केली आणि एका मोटारसायकलची जुनी टाकी वर लोखंडी कैचीला टांगली. वाळूची बादली जवळ ठेवली, विडीवाल्यांना बाहेर काढलं.

जूनचा शेवटचा रविवार, बाहेर पाऊस. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं. पण आवाज खडबडीत. दहा मिनिटांनी बंद करून प्लग काढले. मधला काळपट, दोन टोकांचे पांढरेफटक. म्हणजे मधल्याला गाढं मिळतंय आणि टोकाच्यांना पतलं. कोपरातून वळलेलं मिश्रण तिन्ही वाटांना सारखं विभागत नव्हतं. छोटू लगेच जेट बदलायला निघाला. अब्बांनी त्याचा हात धरला. "जेट बदला तो तिनों का बदलेगा. फरक तो रहिंगाच." छोटू थांबला, आणि वहीत लिहिलं : तिन्हींत समान वाढ केली तरी त्यांच्यातला फरक तसाच राहतो. पेपरातलं कुठलं समीकरण त्याला आठवलं मला माहीत नाही, पण वाक्य त्याचं होतं. अब्बांनी कोपर आणि मॅनिफोल्डच्या मधे तीन बोटं जाडीचा फायबरचा ठोकळा घातला, म्हणजे वळणानंतर हवेला सरळ व्हायला जागा मिळेल. पुढच्या रविवारी प्लग काढले तेव्हा तिन्ही विटकरी. मग किंचित मोठा जेट घातला आणि इंजिन वर-खाली एकसारखं बोलू लागलं. अब्बांनी डोळे मिटले. स्क्रू पाव फेरा इकडे. छोटूनंही डोळे मिटले होते.

जुलैच्या परीक्षेत छोटूला गणितात एक्केचाळीस मिळाले. त्याची आई पेढे घेऊन आली. आयटीआयचा ऑनलाइन अर्ज मी त्याच्याबरोबर बसून भरला. मोटार मेकॅनिकचा ट्रेड त्याला पाहिजे होता, पण गुणांची यादी त्याच्यापर्यंत पोचली नाही. मिळाला डिझेल मेकॅनिक, एक वर्षाचा. डिझेलच्या इंजिनाला कार्बोरेटर नसतो. त्यात नुसती हवा ओढली जाते आणि डिझेल नंतर दाबानं फवारलं जातं. मला वाईट वाटलं. ज्याच्यासाठी दीड महिना घासला, तेच नेमकं त्याच्या अभ्यासक्रमात नाही. मी त्याला तसं म्हणाले.

तो वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालत होता. "आपा, डिझल का इंजन बी हवाच खाता ना," तो म्हणाला.

आयटीआयची पुस्तकं मराठीत आली आहेत. दर रविवारी तो ती घेऊन शेडमध्ये येतो. आम्ही तीन रकान्यांची नवी पानं आखली आहेत, आणि पहिला रकाना आता अब्बा सांगतात.